विज्ञानकथेच्या लेखकांची नोंदवही

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून काढली होती. त्या वेळी नारळीकरांच्या नावामागे केंब्रिज होतं, फ्रेड हॉइल यांच्यासोबतचं संशोधन होतं, 1965 सालचं पद्मभूषण होतं. या सगळ्याच्या वजनाखाली कथा दबू नये, ती केवळ कथा म्हणून वाचली जावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

हा प्रसंग आपल्याला माहीत आहे, कारण नारळीकरांनी तो पुढे सांगितला आणि त्यांचं ऐकायला महाराष्ट्र उत्सुक होता. पण समजा, जगताप खरोखरच जगताप असते. एखाद्या तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवणारे शिक्षक. त्यांनी काही कथा स्वतःच्या नावाने लिहिल्या असत्या, काही टोपणनावाने; सगळ्या दिवाळी अंकांत छापून आल्या असत्या आणि पुस्तक कधी निघालंच नसतं. आज त्या कथा कुठे शोधायच्या? त्या सगळ्या एकाच माणसाच्या आहेत हे कोण सांगणार? असे जगताप मराठीत होऊन गेलेले आहेत. जुने अंक चाळताना त्यांची नावं भेटतात, कथा चांगली निघते, आणि पुढे त्या नावाचा माग लागत नाही.

आजचं व्याख्यान ज्यांच्या स्मृतीसाठी आहे ते ग्रंथपाल होते. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक मिळाला पाहिजे, मग ते ज्ञानेश्वरीचं असो की भुताखेतांचं, हा त्यांचा नियम होता. म्हणून मी हा विषय निवडला. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांची माहिती इंटरनेटवर कोणी जपली, कशा रीतीने जपली, आणि ती रीत आपण मराठीसाठी का उचलली पाहिजे, याबद्दल मला बोलायचं आहे.

ही रीत इंग्रजीत घडली, आणि ती अडचणीतून घडली. एप्रिल 1926 मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी न्यूयॉर्कमधून 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं. केवळ विज्ञानकथेला वाहिलेलं हे पहिलं इंग्रजी मासिक. त्यापाठोपाठ अशा मासिकांची रीघ लागली. कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्त, आम्लयुक्त. काही वर्षांत पिवळा पडून कडांना तुटणारा. मुखपृष्ठं भडक. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी ही मासिकं बहुधा घेतलीच नाहीत आणि घरात आलेली मासिकं वाचून झाल्यावर टाकली गेली.

त्यात लेखकांची नावं हा आणखी एक गुंता. एकाच अंकात एका लेखकाच्या दोन कथा आल्या तर त्यातली एक वेगळ्या नावाने छापायची पद्धत होती. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या कथा 'ॲन्सन मॅक्डोनाल्ड' या नावानेही यायच्या. हेन्री कटनर आणि सी. एल. मूर हे नवरा-बायको मिळून लिहीत आणि ती कथा 'लुईस पॅजेट' या तिसऱ्याच नावाने निघे. मूर यांचं पूर्ण नाव कॅथरीन, हे आद्याक्षरांवरून कळायला मार्ग नव्हता. काही नावं तर प्रकाशकाच्या मालकीची असत: नाव एकच, त्याच्याखाली लिहिणारे हात अनेक. इंग्लंडमध्ये लायनेल फँथॉर्प यांनी बॅजर बुक्स या स्वस्त पुस्तकांच्या प्रकाशनासाठी शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली, त्यातली कितीतरी निरनिराळ्या नावांनी. मुदत इतकी कमी असे की ते टेपरेकॉर्डरवर बोलत जात आणि दुसरं कोणीतरी ते टंकलिखित करी. अशा साहित्याचा इतिहास लिहायचा तर आधी कोणी काय लिहिलं हेच ठरवावं लागतं.

हे काम वाचकांनी हाती घेतलं. एव्हरेट ब्लायलर यांची अद्भुत साहित्याची सूची 1948 साली निघाली. डोनाल्ड डे यांनी 1926 ते 1950 या काळातल्या विज्ञानकथा-मासिकांची सूची 1952 साली काढली. कोणती कथा, कोणाची, कोणत्या अंकात, कोणत्या पानावर. आणि मला ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर वाटतो ते डोनाल्ड टक. टक ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर, होबार्ट शहरात राहत. पोटासाठी उद्योगक्षेत्रातली नोकरी. न्यूयॉर्क आणि लंडन, जिथे ही मासिकं छापली जात, ती दोन्ही शहरं त्यांच्यापासून जवळजवळ अर्ध्या पृथ्वीवर. तिथे बसून त्यांनी 1954 साली लेखकांची आणि पुस्तकांची एक हस्तपुस्तिका चक्रमुद्रित करून काढली, 1959 साली ती वाढवली, आणि मग पुढची कितीतरी वर्षं तिचा तीन खंडांचा कोश करण्यात घालवली. 1968 पर्यंतच्या लेखनाचा हा कोश. पहिला खंड 1974 साली आला, दुसरा 1978 साली, तिसरा 1982 साली. शिकागोतल्या ॲडव्हेन्ट या हौशी वाचकांनी उभारलेल्या प्रकाशनाने काढला. विज्ञानकथेच्या जगात ज्याला मोठा मान आहे तो ह्यूगो पुरस्कार टक यांच्या कामाला 1962 साली विशेष पुरस्कार म्हणून मिळाला आणि 1984 साली पुन्हा. माहितीच्या जवळ राहत नसलेल्या माणसाने केवळ पत्रव्यवहार, चिकाटी आणि शिस्त यांच्या बळावर हे उभं केलं. पुण्या-मुंबईपासून लांब राहणाऱ्या आपल्या वाचकांनी टक यांचं नाव लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

आता 1979 साल. पीटर निकोल्स हे मूळ ऑस्ट्रेलियन, पण त्या काळात लंडनमध्ये राहणारे समीक्षक. त्यांनी जॉन क्लूट यांना सोबत घेऊन 'द एन्सायक्लोपीडिया ऑफ सायन्स फिक्शन' हा कोश संपादित केला. टक यांच्या कोशात तपशील होता. निकोल्स आणि क्लूट यांनी त्यात मत आणलं. प्रत्येक लेखकाची जन्मतारीख, खरं नाव, टोपणनावं, पुस्तकांची यादी हे तर होतंच. पण हा लेखक कोणत्या दर्जाचा, त्याचं लेखन कुठे सैल पडतं, कोणत्या कल्पनेचं श्रेय त्याचं, हेही निर्भीडपणे लिहिलेलं होतं. लेखकांच्या नोंदींसोबत कालप्रवास, परग्रहवासी, यंत्रमानव अशा विषयांवरच्या नोंदी होत्या आणि या दोन प्रकारच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या होत्या. 1993 साली दुसरी आवृत्ती आली. ती 13 लाख शब्दांच्या घरात गेली होती. त्यानंतर 1995 साली ती सीडीवर आली. एवढा मोठा ग्रंथ पुन्हा कागदावर छापणं अवघड होतं, आणि तोवर त्याची गरजही राहिली नव्हती. ऑक्टोबर 2011 मध्ये तिसरी आवृत्ती थेट इंटरनेटवर आली, कोणालाही फुकट वाचता येईल अशी.

छापील कोश निघाला की त्याच दिवशी जुना व्हायला लागतो. इंटरनेटवरचा कोश रोज दुरुस्त होतो. डेव्हिड लँगफर्ड, ग्रॅहम स्लाइट आणि क्लूट यांनी हा कोश वाढवत वाढवत 60 लाख शब्दांच्या पुढे नेला. पहिल्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांचं दालन त्याला जोडलं. निकोल्स दीर्घकाळ पार्किन्सनने आजारी होते. 2018 साली ते गेले, पण त्यांचं नाव संपादकांत कायम राहिलं. तिसरी आवृत्ती गोलान्झ या प्रकाशनसंस्थेच्या पाठबळाने चालत होती. 2021 साली ती व्यवस्था संपली. इंटरनेटवरच्या बऱ्याच चांगल्या गोष्टी नेमक्या अशा वेळी बंद पडतात. इथे तसं झालं नाही, कारण मजकूर संपादकांच्या हातात होता. त्यांनी तो उचलून स्वतंत्रपणे मांडला आणि कोश चौथी आवृत्ती म्हणून चालू राहिला. क्लूट आणि जॉन ग्रँट यांनी 1997 साली केलेला अद्भुतकथेचा कोशही तिथेच शेजारी वाचायला ठेवलेला आहे. तो पुढे वाढवला जात नाही, पण 1997 पर्यंतच्या लेखकांसाठी आजही तितकाच उपयोगी आहे.

कोशाला संपादक लागतात आणि संपादक निवड करतात. ज्याच्यावर लिहावंसं कोणाला वाटलं नाही तो कोशाबाहेर राहतो. विकिपीडियावरही एखाद्या लेखकाचं पान टिकवायचं तर त्याच्यावर इतरांनी लिहिलेलं काहीतरी दाखवावं लागतं. ज्याची दखल कोणी घेतलीच नाही त्याची ही अडचण तिथे सुटत नाही. ती सोडवणारी जागा दुसरी आहे, आणि आजच्या विषयाचा गाभा माझ्या मते तिथेच आहे.

1995 साली अल फॉन रफ नावाचे एक संगणकतज्ज्ञ आणि 'अहॅस्युअरस' या टोपणनावानेच ओळखले जाणारे एक वाचक यांनी मिळून 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस' सुरू केला. संक्षेपाने त्याला आयएसएफडीबी म्हणतात. 2006 पासून त्यात भर घालण्याचं काम सर्वसामान्य वाचकांसाठी खुलं झालं. दिसायला ही जागा अगदी साधी आहे: पांढऱ्या पानावर निळ्या जोडण्या, चित्रं थोडी, सजावट नाही. मला ती फार आवडते. तिथे कोणा लेखकाची थोरवी सांगितलेली नसते. एकच कथा छापून आली असली तरी लेखकाला पान मिळतं, आणि ते पान आर्थर क्लार्कच्या पानासारखंच असतं.

ही रचना कशी चालते हे थोडं तपशिलाने सांगतो, कारण शिकण्यासारखं तेच आहे. तिथे कृती आणि प्रकाशन या दोन वेगळ्या नोंदी आहेत. कथा ही एक कृती. ती मासिकात आली, मग संग्रहात आली, मग कोणाच्या तरी निवडक कथांत आली. ही झाली तीन प्रकाशनं. तिन्ही त्या एका कृतीला जोडलेली. शीर्षक बदललं असेल तर बदललेलं शीर्षक वेगळं नोंदवून मूळ शीर्षकाला जोडायचं. लेखकाचं नाव त्या पुस्तकावर जसं छापलं आहे तसंच लिहायचं, सुधारून नाही; आणि मग ते नाव मूळ लेखकाच्या पानाला जोडायचं. लेखकाचं मुख्य नाव कोणतं धरायचं? कायदेशीर नाव नव्हे, तर ज्या नावाने वाचक त्याला ओळखतात ते. कायदेशीर नावासाठी निराळा रकाना आहे. तारीख माहीत नसेल तर अंदाज लिहायचा नाही. वर्ष, महिना, दिवस यांच्या जागी शून्यं लिहायची. जाहीर झालेलं पण कधीच न निघालेलं पुस्तक असेल तर त्यासाठीही ठरलेला आकडा आहे, 8888. म्हणजे माहिती नसणं हेही नेमकेपणाने नोंदवलं जातं.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पडताळणी. प्रत्यक्ष पुस्तक हातात घेऊन, शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू पाहून एखाद्या वाचकाने नोंद तपासली तर तो तिथे आपल्या नावाने तसं नमूद करतो. टक, क्लूट-निकोल्स, लोकस मासिकाच्या सूची यांच्याशी ताडून पाहिलं असेल तर तेही वेगळं लिहितो. मग शंका आली की विचारायचं कोणाला हे ठरलेलं असतं: ज्याच्या कपाटात ते पुस्तक आहे त्याला. नवी नोंद लगेच दिसत नाही; अनुभवी संपादक ती तपासून मंजूर करतात. यातलं बहुतेक काम विनामोबदला चालतं.

नोंद एवढी काटेकोर का हवी, याचं उत्तर जेम्स टिपट्री ज्युनियर या लेखकाच्या गोष्टीत आहे. 1968 पासून या नावाने कथा येऊ लागल्या आणि वाचक थक्क झाले. टिपट्रींना कोणी पाहिलं नव्हतं. सगळा व्यवहार टपालपेटीच्या पत्त्यावर. लेखक पुरुषच असला पाहिजे असं रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्यासारख्या जाणत्या लेखकाने 1975 साली प्रस्तावनेत ठामपणे लिहिलं. 1976 च्या अखेरीस टिपट्रींनी मित्रांना पत्रातून कळवलं की माझी आई वारली. ती शिकागोत राहत होती, आफ्रिकेत प्रवास केलेली होती. वाचकांनी शिकागोची वृत्तपत्रं पाहिली, मेरी हेस्टिंग्ज ब्रॅडली यांची मृत्युवार्ता सापडली, आणि त्यात वारस म्हणून एकच मुलगी होती: ॲलिस शेल्डन. साठीतली, मानसशास्त्रात पीएचडी केलेली, कधीकाळी अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात काम केलेली बाई. 'रकूना शेल्डन' या नावाने येणाऱ्या कथाही तिच्याच. आयएसएफडीबीवर आज मुख्य नाव टिपट्रीचंच आहे, कारण वाचकांचं नातं त्या नावाशी आहे; ॲलिस शेल्डन हे कायदेशीर नावाच्या रकान्यात आणि रकूना त्याला जोडलेली. लेखिकेने निवडलेल्या नावाचा मानही राहिला आणि वस्तुस्थितीही राहिली.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही मला तितक्याच गांभीर्याने मांडायची आहे. उलगडा झाल्यानंतर लिहिणं शेल्डन यांना पूर्वीइतकं मोकळं राहिलं नाही. ज्या आडोशाने त्यांना स्वातंत्र्य दिलं होतं तो गेला होता. हयात लेखकाचं टोपणनाव फोडणं हे सूचिकाराचं काम नव्हे. आयएसएफडीबीने यासाठी धोरण केलं आहे: हयात लेखकाने आपली जन्मतारीख किंवा खरं नाव काढायला सांगितलं तर ते काढलं जातं. मराठीत असं काही उभं राहील तेव्हा हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. आपल्याकडेही नोकरीमुळे, घरच्यांमुळे, किंवा केवळ संकोचामुळे टोपणनावाने लिहिलेल्यांची संख्या कमी नाही, आणि त्यांत स्त्रिया आहेत.

इंटरनेटवर काय टिकतं, याबद्दलही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात हजारो वाचकांनी आपल्या आवडत्या लेखकांवर स्वतःची पानं केली होती. त्यातली पुष्कळ पानं जिओसिटीज या फुकट सेवेवर होती. ऑक्टोबर 2009 मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं. काही पानं इंटरनेट अर्काइव्हने आणि हौशी लोकांनी धावपळ करून वाचवली, बाकीची गेली. आयएसएफडीबीची सगळी माहिती मात्र कोणालाही उतरवून घेता येते, ठरावीक काळाने तिची पूर्ण प्रत काढून खुली ठेवली जाते. उद्या मूळ जागा बंद पडली तरी कोणाच्या ना कोणाच्या संगणकावर ती असणार. आपल्याकडे फेसबुकच्या गटांत आणि व्हॉट्सॲपवर जुन्या पुस्तकांबद्दल उत्तम माहिती रोज लिहिली जाते. लिहिणारे जाणकार असतात. पण दोन महिन्यांनी ती शोधायला जा, हाताला लागत नाही.

आता मराठीकडे येतो. आपल्याकडे या प्रकारच्या लेखनाला वाचक नव्हते असं कोणी म्हणू नये. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी' या मासिकांच्या जोडीला 'नवल' काढलं आणि रहस्य, भय, अद्भुत, विज्ञान या सगळ्यांना मानाने जागा दिली. आनंद अंतरकरांनी ते पुढे चालवलं. 'धनंजय'चा दिवाळी अंक या वाचकाचा हक्काचा अंक झाला. मराठी विज्ञान परिषद 1966 साली स्थापन झाली आणि तिच्या स्पर्धेने लेखक घडवले. नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर ही नावं आपल्याला पाठ आहेत. फोंडके यांनी 1993 साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा इंग्रजी संग्रह संपादित केला; लोंढे यांची 'दुसरा आइनस्टाईन' त्यातून बाहेरच्या वाचकांपर्यंत पोचली. जे इंग्रजीत गेले त्यांना जगाच्या नोंदवहीत वाट सापडते. बाकीच्यांसाठी ती वाट फार अरुंद आहे, कारण तिथे काम करणाऱ्या वाचकांना मराठी येत नाही. दार बंद आहे असं मात्र नाही. आयएसएफडीबीवर शीर्षक देवनागरीत ठेवून शेजारी रोमन लिप्यंतर लिहिण्याची सोय आहे.

भयकथाकार नारायण धारपांचं उदाहरण घ्या. 1925 साली जन्म, 2008 साली निधन. पुस्तकं शंभराच्या आसपास. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून ती इतक्या हातांतून गेली की मुखपृष्ठ फाटायचं, मग पुठ्ठ्याची बांधणी व्हायची आणि त्या बांधणीत शीर्षकपानही जायचं. आज नव्या आवृत्त्या मिळतात, ही आनंदाची गोष्ट. पण नव्या आवृत्तीवर नेहमीच पहिल्या आवृत्तीचं साल असतं असं नाही, आणि संग्रहातल्या कथा आधी कोणत्या अंकात आल्या ते तर क्वचितच लिहिलेलं असतं. 2018 साली 'तुंबाड' चित्रपट आला आणि त्यातल्या एका भागामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे हे कळल्यावर मराठी न वाचणाऱ्यांनीही त्यांचं नाव शोधलं. त्यांना धारपांबद्दल कौतुक वाचायला मिळालं. कौतुक करणाऱ्यांचे मी आभार मानतो. पण ती कथा पहिल्यांदा कुठे छापली, नंतर कोणत्या संग्रहात आली, हे एका जागी, पुराव्यासह दिसायला हवं.

धारपांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न येतो आणि तो टाळू नये. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे. आपल्याकडे अशा वेळी दोन टोकं गाठली जातात: एक गट विषयच काढू देत नाही, दुसरा गट त्यावरून लेखकाला निकालात काढतो. नोंदवहीत हे शांतपणे लिहिता येतं. ही कादंबरी, तिचा आधार ती कादंबरी, दोन्ही जोडलेल्या. मग ज्याला अभ्यास करायचा आहे तो दोन्ही शेजारी ठेवून पाहील, आणि मला खात्री आहे की परका वाडा आणि परकं भय मराठी गावात रुजवताना धारपांनी केवढं स्वतःचं काम केलं ते त्याला दिसेल. भागवतांच्या रूपांतरांनाही हेच लागू आहे.

या कामाची परंपरा मराठीला नवी नाही. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती केली आणि नंतर ती 1950 पर्यंत आणली. ग्रंथालयांतून, खासगी संग्रहांतून, प्रत्यक्ष पुस्तक पाहून त्यांनी नोंदी केल्या. होबार्टचे टक आणि आपले दाते एकमेकांना कधी भेटले नसतील, पण दोघांच्या कामाची जात एकच. दात्यांच्या सूचीत पुस्तकं आहेत. आपल्या विज्ञानकथेची अडचण अशी की ती आधी दिवाळी अंकात जन्मते, आणि अंक पुढच्या दिवाळीच्या आत रद्दीत जातो. त्यामुळे आपल्याला अंकाच्या अनुक्रमणिकेपासून सुरुवात करावी लागेल, डोनाल्ड डे यांनी केली तशी.

इथे कॉपीराइटचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अमेरिकेत 1964 च्या आधी छापलेल्या लेखनाचा कॉपीराइट 28 व्या वर्षी नूतनीकरण केला नाही तर संपत असे. त्या काळच्या मासिकांतल्या कितीतरी कथांचं नूतनीकरण झालं नाही, म्हणून त्या आज प्रोजेक्ट गुटेनबर्गवर अख्ख्या वाचायला मिळतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. म्हणजे धारपांचं लेखन 2068 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचं आहे, आणि ते तसंच असायला हवं. पण कथेचं नाव, लेखकाचं नाव, अंक, साल, पान ही माहिती कोणाच्या मालकीची नसते. ती लिहायला परवानगी लागत नाही. मुखपृष्ठाचं चित्र टाकायचं असेल तर मात्र चित्रकाराचा आणि प्रकाशकाचा विचार करावा लागेल; आणि चित्रकाराचं नाव तर नोंदलंच पाहिजे, आपल्या अंकांच्या मुखपृष्ठांनी या कथांना जे वातावरण दिलं ते विसरता येणार नाही.

सुरुवात कुठून करावी? धारपांपासून, नारळीकरांपासून करावी असं अनेकांना वाटेल. माझं मत वेगळं आहे. मोठ्या लेखकांची पुस्तकं उपलब्ध आहेत, त्यांची नोंद दहा वर्षांनीही करता येईल. आधी 'नवल'चे आणि 'धनंजय'चे अंक घ्यावेत, त्यांतही सर्वांत जुने. प्रत्येक अंकाच्या अनुक्रमणिकेचं आणि प्रकाशकाची माहिती असलेल्या पानाचं छायाचित्र काढावं. अनुक्रमणिकेवर विसंबून राहू नये; प्रत्येक कथेचं पहिलं पान उघडून नाव तिथे कसं छापलं आहे ते पाहावं, कारण या दोन ठिकाणची नावं वेगळी असू शकतात. अनुवाद आहे असं लिहिलं असेल तर मूळ लेखकाचं नाव जसं छापलं तसं घ्यावं. साल दिसत नसेल तर रकाना मोकळा सोडावा. आणि प्रत्येक नोंदीखाली, अंक कोणी हातात घेऊन पाहिला, त्याने आपलं नाव लिहावं.

हे काम एका माणसाचं नाही, पण त्याला मोठी संस्थाही लागत नाही. महिन्यातून एक रविवार, मोबाइलवर छायाचित्र काढता येणारी पाच-सात माणसं आणि नोंदी तपासणारा एक चिकित्सक माणूस एवढ्यावर ते सुरू होतं. तयार झालेली यादी साध्या तक्त्यात ठेवावी, तिच्या प्रती जितक्या जणांना हव्यात तितक्यांना द्याव्यात, आणि पुरेशा नोंदी तपासून झाल्या की त्या देवनागरी शीर्षकांसह आयएसएफडीबीवर चढवाव्यात. या ग्रंथालयाने त्यासाठी एक टेबल आणि एक कपाट द्यायचं कबूल केलं आहे. ज्यांच्या घरी 1970 च्या आधीचे 'नवल'चे अंक आहेत, एखादा असला तरी, त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यवाहांकडे आपलं नाव आणि अंकाचं साल लिहून द्यावं. अंक आम्हाला देऊन टाकायची गरज नाही. आम्ही तुमच्या घरी येऊ, तुमच्यासमोर पानांची छायाचित्रं काढू आणि अंक तुमच्याच कपाटात परत ठेवू.